आप्पांचा आवाज फिरतोय

माझी पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीवालीला कान बंद ठेवून चालत नाही. कारेगावच्या पुढं, उसाच्या रानात प्लॉट पाडून आमची कॉलनी उभी राहिली. रो-हाऊसच्या दोन ओळी, मधे सिमेंटचा रस्ता, टोकाला मारुतीचं लहानसं देऊळ. तीन बाजूंना अजून ऊस आहे आणि चौथ्या बाजूनं कॅनॉल जातो. इथले बहुतेक लोक कंपनीत जाणारे, शिफ्टवाले. कुणी मराठवाड्यातलं, कुणी विदर्भातलं, दोन घरं युपीची. कुणाची कुणाशी पिढ्यांची ओळख नाही. पण दळण सगळ्यांना लागतं, त्यामुळं कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला कळतं.

आधीच सांगते, मी घाबरट बाई नाही. चक्कीच्या पट्ट्यात माझा पदर अडकला होता, गळ्याला फास बसायचा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडून बसले होते. असली मी. तरी गेलं वर्षभर एक आवाज ऐकला की माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा. खोटं कशाला बोलू, अजून येतो.

तो आवाज आप्पांचा. आप्पा आमच्या समोरच्या घरात राहायचे. त्यांनी सगळी नोकरी कॅनॉलवर पाटकरी म्हणून केली, म्हणजे कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं हे बघायचं काम. रिटायर झाल्यावर कॅनॉलकडं तोंड असलेलंच घर घेतलं. का, तर पाणी दिसल्याशिवाय झोप येत नाही! त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकी म्हणतो. मुलगा चाकणला कंपनीत, तिकडंच फ्लॅट घेऊन राहतो.

कॉलनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला तेव्हा आप्पांची पंचाईत झाली. बोटं ही एवढी जाड, एक अक्षर दाबायला गेलं की तीन उठायची. मग कुणीतरी त्यांना बोलायचं बटण दाखवलं, आणि तिथून पुढं आमच्या कॉलनीला स्वतःचं रेडिओ स्टेशन मिळालं. रोज सकाळी चहा झाला की सुरू.

"राम राम मंडळी, आप्पा बोलतुय. आज धुकं लई हाय, फस्ट शिफ्टवाल्यांनी गाडी दमानं हाणा. टँकर आल्ता, पाणी गढूळ हाय, उकळून प्या. लाईट दुपारच्याला जाणार, दळण आधी उरकून घ्या. देवळामागं मुंगसाची जोडी दिसली, त्यांना दगड मारू नका. वारं खालच्या अंगाचं हाय, दोन दिसांत आभाळ येणार, वाळवणं आत घ्या. आमच्या घरी आज भरीत हाय."

भरताचीसुद्धा बातमी! लोक हसायचे, पण ऐकायचे. युपीच्या बाईला त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी ती भाकऱ्यांसारख्या जाड चपात्या लाटत ते लावून ठेवायची. मी त्यांना चिडवायची, "आप्पा, आकाशवाणी आवरा, माझं पीठ जळतंय." तर म्हणायचे, "तुझी ती घरघर बंद कर आधी, मग लोकांना माझं ऐकू यील." मागं कधी काकींच्या बांगड्या वाजायच्या, भांडं पडायचं. काकींचा आवाज मात्र कधी आला नाही. आप्पा बोलायला लागले की ती गप्प बसायची, आणि आप्पा तर दिवसभर बोलायचे.

मागच्या हिवाळ्यात तोडणी सुरू झाली. ऊस पडायला लागला की त्यातलं जनावर बाहेर येतं, हे इकडं सगळ्यांना माहीत आहे. एके दिवशी सांजेला, सेकंड शिफ्टची बस गेल्यावर, ग्रुपवर आप्पांचा आवाज आला. आप्पा सांजेला कधी बोलायचे नाहीत, म्हणून मी लगेच लावला.

"मंडळी, आप्पा बोलतुय. नीट ऐका. बिबट्या हाय. कॅनॉलच्या कडंला, उसाच्या तोंडाशी बसलाय. मी बघतुय, ह्यो काय माझ्या म्होरं. पळू नका, वरडू नका. वाकून काम करत असाल तर उठून हुबं ऱ्हावा. लेकरं आत घ्या. दारं लावा."

आणि मग, बटणावरचं बोट काढायचं विसरून, घराकडं तोंड करून मारलेली हाक. "अगं ए! दार लाव. भाईर येऊ नगंस. मी आलोच."

आम्ही दारं लावली. जनावर बसलं, उठलं, निघून गेलं. दुसऱ्या दिवशी मी आप्पांची चांगलीच खेचली, "काय हो, काकींना सांगायला पण ग्रुप लागतो का आता?" आप्पा लाजले. एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झाला. "चुकून गेलं गं," म्हणाले, "ते काढून टाकता येतंय का?" मी म्हटलं, राहू द्या की, काय बिघडलं त्यात.

त्याच हिवाळ्यात आप्पा गेले. बिबट्या-बिबट्या काही नाही, छातीत दुखलं, शिरूरच्या दवाखान्यात नेलं, तिथंच संपलं. काकीनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं ते माझ्यासमोर. दहावं घोडनदीच्या घाटावर झालं. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली, आणि पुढच्या आठवड्यापासून तिथं गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ सुरू झालं. वारं कुठलं आहे, पाणी गढूळ आहे का, हे आता कुणी सांगत नव्हतं. धुक्यात एकाची गाडी घसरली तेव्हा आम्हाला कळलं की आज धुकं होतं.

मग एका दुपारी पलीकडच्या वस्तीवरचा एकजण बाजरी घेऊन आला. चक्की चालू होती. मी डबा लावत होते, आणि चक्कीच्या घरघरीतून मला ऐकू आलं, "मंडळी, आप्पा बोलतुय."

माझा हात तिथंच थांबला. मी चक्की बंद केली. गिरणीत पीठ उडत होतं, तो माणूस फोन कानाशी धरून उभा होता आणि फोनमधून आप्पा सांगत होते, लेकरं आत घ्या, दारं लावा.

"ताई, जरा लवकर करा," तो म्हणाला, "आमच्याकडं बिबट्या आलाय. आत्ताच मेसेज पडला बघा."

"कुणी पाठवला?"

"आमच्या गावातलेच आप्पा हायेत कोणतरी."

मी त्याला समोरचं घर दाखवलं. म्हटलं, हा माणूस त्या घरातला, आणि हा माणूस वारला. त्यानं फोनकडं असं बघितलं, जणू तापलेला तवा हातात आलाय. बाजरी तशीच टाकून गेला, संध्याकाळी बायकोला पाठवली न्यायला.

त्याचं तरी काय चुकलं? आप्पांनी गावाचं नावच घेतलं नव्हतं. आपल्याच कॉलनीला सांगायचं तर गावाचं नाव कशाला घेईल माणूस? तारीख-वार नाही, ठिकाण नाही. नुसता कॅनॉल आणि ऊस. आता आमच्या शिरूर तालुक्यात कॅनॉल आणि ऊस कुठं नाही? आणि आप्पा नाही असं गाव तरी दाखवा! कुणीतरी तो आवाज पुढं ढकलला, त्यानं पुढच्या गावात, आणि ज्या गावात पोचेल त्या गावाला वाटायचं की हे आपल्याच वेशीवरून बोलतायत.

पुढं तर कहरच झाला. शिरूरच्या स्टँडवर बसची वाट बघतेय, तर बाकावरच्या माणसाच्या खिशातून आप्पा. रांजणगावला कंपनीच्या बसमधून आप्पा. माझी बहीण दौंडला असते, तिकडं भीमेच्या काठाला, तिचा फोन आला की सांभाळून राहा गं, आमच्याकडं बिबट्या निघालाय, हे ऐक. आणि तिनं मला माझ्याच समोरच्या घरातला मेलेला माणूस ऐकवला. मी तिच्यावर ओरडले. ती बिचारी रडायला लागली, तिला काय माहीत.

दिवस मावळताना गिरणी बंद केली की कानात थोडा वेळ घरघर राहते आणि मग एकदम सगळं शांत होतं. टिटवी ओरडते, कॅनॉलचं पाणी ऐकू येतं. त्या वेळेला उसाकडच्या रस्त्यानं कुणीतरी फोन लावून चाललेलं असायचं. माणूस दिसायचा नाही, उसाच्या आड असायचा. फक्त आवाज यायचा आणि जवळ जवळ येत म्हणायचा, मी आलोच. मी शटर ओढायची आणि देवाचं नाव घेत जिना चढायची. हसू आलं तर हसा.

काकीनं तो पहिल्यांदा शिरूरच्या बाजारात ऐकला. आम्ही दोघी बरोबर होतो. भर दुपार, ऊन डोक्यावर. काकीच्या हातात मेथीची जुडी होती आणि भाजीवालीनं शेजारणीला ऐकवायला फोन लावला. बिबट्या हाय, लेकरं आत घ्या, हे सगळं होईपर्यंत काकी जुडी हातात धरून उभी. मग शेवटचं आलं, अगं ए, दार लाव. काकीनं झटक्यात पदर डोक्यावरून ओढून घेतला. "चल," मला म्हणाली, "घरी चल. त्यांची यायची येळ झाली." मेथी तिथंच राहिली.

त्या दिवसापासून तिनं दाराला कडी घालणं सोडलं. दार ओढून घ्यायची, पण कडी नाही. रात्रीसुद्धा नाही. मी रोज सांगायची, "काकी, कडी घाला, ऊस मोकळा होतोय." "घालते की," म्हणायची, आणि घालायची नाही. शेवटी एकदा मी तिच्या पायरीवर बसले आणि स्पष्टच बोलले.

"काकी, आप्पा गेले. तुम्ही तुमच्या हातानं पाणी पाजलंत."

"मला येड लागलंय असं वाटतंय व्हय तुला?" ती भडकली. "मला ठाव हाय. पण गेलेलं माणूस एकदा बोलंल, दोनदा बोलंल. हे रोज कुठनं बोलत्यात? काल दूधवाल्याच्या खिशातनं बोलले. आलोच म्हणले. आन् आले, आन् दाराला आतनं कडी असली, तर? त्यांचं गुडघं कसं हुतं बघितलंयस ना? पायरीवर हुबं ऱ्हायाचं?"

मला तिचा राग आला आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी उठून घरी आले.

मग अवकाळी पाऊस झाला. एक सर आली आणि गेली, रस्त्यावर चिखल करून. सकाळी मी झाडायला बाहेर आले तर चिखलात ठसे. गोल, नखं न उमटलेले, माझ्या तळहाताएवढे. उसातून आले होते, रस्ता ओलांडला होता, आणि काकीच्या सगळ्यात खालच्या पायरीपाशी थांबून परत फिरले होते. वर ते दार नुसतं ओढलेलं. वाऱ्यानंसुद्धा उघडलं असतं. चहाचा कप माझ्या हातातून... नाही, कप नव्हता, झाडू होता. झाडू पडला. इतकी मी भेदरले होते की काय हातात होतं तेही धड आठवत नाही.

मुलाला मीच फोन केला. तो लगेच आला, आईला समजावलं, ओरडला, पाया पडला. शेवटी म्हणाला, आता बास. महिनाअखेरीला तुला चाकणला नेतो आणि हे घर विकतो. काकी म्हणाली, "मी तिकडं आल्यावर ह्यांनी कुठं यायचं?" मुलगा बाहेर येऊन माझ्या गिरणीत पोत्यावर बसला. चांगला बाप्या माणूस, तोंडावर रुमाल धरून बसला होता. म्हणाला, "मावशी, तो आवाज बंद झाला पाहिजे. नाहीतर एक दिवस आईच जाईल."

आवाज बंद करा हे वनखात्याचा माणूसही सांगून गेला. बिचारा अगदी हात जोडून बोलला. गावोगावचे फोन येतात, आम्ही पिंजरा घेऊन पळतो, तिथं काहीच नसतं. खरं जिथं आहे तिथं पोचायला उशीर होतो. आमच्या कॉलनीच्या चेअरमननं लगेच मेसेज लिहिला की हा ऑडिओ फेक आहे, कुणीही विश्वास ठेवू नये. तो वाचून माझं डोकं सणकलं. भर मीटिंगमध्ये देवळासमोर मी म्हटलं, "फेक? आप्पा फेक होते? तुमच्या पोराला त्या दिवशी ओट्यावरून आत कुणी घ्यायला लावलं?" मग ठरलं की सांगायचं तर काकीनंच सांगावं, आपल्या तोंडानं, की हा माणूस गेला, हे पुढं पाठवू नका. लोक तिचं ऐकतील. आणि तिनं एकदा ते स्वतः म्हटलं की तिलाही पटेल, असं मुलाचं म्हणणं. काकी आधी नाहीच म्हणाली. मग मुलाकडं बघून म्हणाली, "उद्या बोलते."

तो उद्या उजाडला. मी काकीकडं जायला निघणार, तेवढ्यात गिरणीपुढं एक बाई स्कुटीवरून उतरली. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी, दोन वेण्या घातलेली. बाईच्या हातात पिशवी होती.

"ताई, ते बिबट्याचं सांगणारे आप्पा हितंच ऱ्हात्यात ना?"

तिचा नवरा रांजणगावला कंपनीत होता. लाइनवर आमच्या कॉलनीतल्या एकानं आवाज ओळखला होता आणि आप्पांचं गाव सांगितलं होतं. माणूस हयात नाही हे सांगायचं तेवढं त्याच्याकडून राहून गेलं असावं. मी काही बोलायच्या आत काकी समोरच्या दारात आली, आणि ती बाई सरळ तिच्याकडं गेली.

नदीच्या पलीकडं त्यांचा शेवंतीचा मळा आहे. परवा सांजेला मुलगी गोठ्यापाशी खाली बसून खेळत होती, शेळीचं करडू घेऊन. आई ओट्यावर फुलं निवडत होती. फोन वाजला, आप्पांचा आवाज लागला. "मला वाटलं, आमच्याच बांधावरनं कोणतरी बोलतंय," ती म्हणाली. "लेकरं आत घ्या म्हणले, तशी मी पळत गेले, हिला उचलली आन् घरात घेतली. दार लावलं. पाठीमागं लगीच शेळी वरडली. आजी, हिच्या जाग्यावरनं करडू नेलं. हिच्या जाग्यावरनं."

काकीनं मुलीकडं बघितलं. मुलगी आईच्या पदराशी खेळत उभी होती.

"कडी घातलीवती?" काकीनं विचारलं.

"व्हय तर! कडी घातली, वर पाटा लावला. करडू उचलायच्या आधी ते दाराला नखं घासत हुतं, आजी. कडी नसती तर..."

काकी खाली बसली. मग एकदम म्हणाली, माझ्याकडं न बघता, "बघ की गं. परक्या बाईनं त्यांचं ऐकलं. मी न्हाई ऐकलं. ते आधी दार लाव म्हणले हुते."

त्या बाईनं पिशवीतून नारळ काढला, टॉवेल काढला, पांढरी टोपी काढली. आमच्याकडं गडीमाणसाचा मान करायचा तर टॉवेल-टोपी देतात. तिनं हळदी-कुंकवाचं बोट नारळाला लावलं आणि इकडंतिकडं बघितलं. "आप्पा कवा यत्याल? हिला त्यांच्या पायावर घालायची हाय."

मी काकीच्या तोंडाकडं बघत राहिले. काकीनं दोन्ही हात पुढं करून टॉवेल-टोपी घेतली, नारळ घेतला, सगळं पदरात धरलं. मुलीला जवळ ओढून बसवलं. मग मला म्हणाली, "फोन आण. ते बटण दाब आन् माझ्या तोंडाशी धर."

मी धरला.

"मंडळी," काकी म्हणाली आणि थांबली. आपलाच आवाज ऐकून ती दचकली असावी. मग पुन्हा बोलली. "मी आप्पांच्या घरातली बोलतीया, कारेगावच्या हिकडनं. त्यो आवाज आमच्या मालकांचा हाय. खोटा न्हाई, जुना हाय. मालक वारले, साल होत आलं. आता येणार न्हाईत." इथं शेवंतीवाल्या बाईनं तोंडावर हात ठेवला. काकी बोलतच राहिली. "पण बिबट्या हाय. हितं हाय, नदीच्या पल्याड हाय, तुमच्या तिथं बी असंल. कुठं दिसला, कवा दिसला, ते ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगा. आन् मालकांनी सांगितलंय तसं करा. लेकरं आत घ्या. दाराला कडी घाला. मी बी घालते."

मी बटण सोडलं. मला रडू आवरत नव्हतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"पाठवू?" मी विचारलं.

"थांब," काकी म्हणाली. "आधी त्यांचं पाठव, मग माझं. ते बोलत असताना मधी मी कधी बोलले न्हाई."